छायाचित्रण मासिकांच्या कॅमेरा-शिफारशी कितपत विश्वासार्ह? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासिकाने ‘घ्यावाच’ असे म्हटलेला कॅमेरा डोळे झाकून घ्यावा का?

नाही. मात्र त्या मासिकाने खोटे लिहिले आहे, असेही लगेच धरून चालू नये. कॅमेऱ्याच्या परीक्षणात मुळात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र छापलेल्या असतात. पहिली म्हणजे मोजमाप आणि वर्णन: कॅमेरा सेकंदाला किती चित्रे घेतो, कमी प्रकाशात चित्र किती टिकते, बटणे कुठे आहेत, मेनू कसा आहे. दुसरी म्हणजे निवाडा: तारे, टक्के, पदक आणि शेवटच्या परिच्छेदातील शिफारस. प्रतिष्ठित मासिकांची मोजमापे साधारणपणे भरवशाची असतात, कारण तोच कॅमेरा इतर चार ठिकाणीही मोजला जातो आणि चूक उघडी पडते. निवाड्याला असा पडताळा नसतो. जाहिरातदाराचे मन राखणे, अंक वेळेत काढणे, कंपनीशी असलेले संबंध जपणे, या सगळ्याचा दाब निवाड्यावरच येतो. म्हणून मोजमाप मासिकाकडून घ्यावे आणि निवाडा आपला आपण करावा, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

मासिके कॅमेरा कंपन्यांच्या जाहिरातींवर चालतात. मग परीक्षणे विकत घेतलेली असतात का?

पैसे देऊन मजकूर लिहवून घेण्याचे प्रकार घडतात आणि ते निषेधार्हच आहेत. नामांकित मासिकांच्या बाबतीत मात्र दाब बहुधा इतका उघड नसतो. तिथे वाचकाचे नुकसान खोट्या वाक्यापेक्षा न लिहिलेल्या वाक्याने अधिक होते. एखादा कॅमेरा सुमार निघाला, तर त्याच्यावर कडक लेख येण्याऐवजी त्याचे परीक्षणच पुढच्या अंकात ढकलले जाते आणि मग कधीच येत नाही. उणीव सांगायची वेळ आली की ती ‘काहींना खटकू शकते’ अशा शब्दांत सांगितली जाते. कुठल्याही मासिकाचे वर्षभराचे अंक समोर ठेवावेत आणि ‘हा कॅमेरा घेऊ नका’ असे स्पष्ट वाक्य किती परीक्षणांत आहे ते मोजावे. बहुतेक वेळा हाताची बोटेसुद्धा पुरून उरतात. आजचे बहुतेक कॅमेरे खरोखरच चांगले आहेत हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव कारण नाही.

या धंद्याची अवस्थाही लक्षात घ्यायला हवी. ब्रिटनमधील ‘अॅमॅच्युअर फोटोग्राफर’ १८८४ पासून निघत आहे. अमेरिकेतील ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ १९३७ साली सुरू झाले, अनेक दशके त्याची स्वतःची चाचणी-प्रयोगशाळा होती, आणि तरीही २०१७ साली त्याची छापील आवृत्ती बंद झाली. जपानमधील कॅमेरा उद्योगाची संघटना असलेल्या सीआयपीएच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली तो आकडा ८० लाखांच्याही खाली होता. ग्राहक आटला की जाहिरात आटते. अशा काळात दोन-तीन मोठ्या जाहिरातदारांपैकी एकाला दुखावणे संपादकाला किती जड जात असेल, याची कल्पना करता येते. त्यांच्या अडचणीविषयी मला मनापासून सहानुभूती आहे, पण तिची किंमत वाचकाने मोजावी असे मला वाटत नाही.

परीक्षणासाठी कॅमेरा येतो कुठून?

बहुतेक वेळा कंपनीकडूनच, काही दिवस किंवा काही आठवड्यांसाठी उसना. अनेकदा तो विक्रीला येण्यापूर्वीचा नमुना असतो, त्यातील फर्मवेअर (कॅमेरा चालवणारी आतली संगणक-प्रणाली) अंतिम नसते, आणि मजकूर कोणत्या तारखेला, कितव्या तासापासून प्रसिद्ध करायचा हेही कंपनीने ठरवून दिलेले असते. नव्या कॅमेऱ्याचे अनावरण एखाद्या निसर्गरम्य ठिकाणी होते, पत्रकारांच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च कंपनी करते, समोर रंगीबेरंगी पोशाखातील मॉडेल किंवा धावणारे घोडे उभे केलेले असतात, आणि परीक्षक तिथे काढलेल्या चित्रांवरून आपले ‘पहिले मत’ लिहितो. ते मत प्रामाणिक असू शकते. पण त्या घोड्यांची जागा, वेळ आणि प्रकाश कंपनीने निवडलेला होता, एवढे वाचकाने विसरू नये.

याहून वेगळी पद्धत जगात आहे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ १९३६ पासून जाहिराती न घेता चालते आणि चाचणीच्या वस्तू सामान्य ग्राहकाप्रमाणे दुकानातून विकत घेते. जर्मनीतील ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ १९६४ साली स्थापन झाली, तीही ओळख न देता बाजारातूनच खरेदी करते. अशा संस्थांची छायाचित्रणातील जाण विशेष मासिकांइतकी खोल नसते. एखाद्या लेन्सच्या रंगछटेविषयी त्या फारसे सांगू शकणार नाहीत. तरी कॅमेरा कोणाच्या पैशाने आला, हा प्रश्न त्यांच्याबाबत उरत नाही.

नमुना निवडून पाठवलेला असतो, ही शंका योग्य आहे का?

कॅमेऱ्याच्या बाबतीत फारशी नाही, लेन्सच्या बाबतीत काही प्रमाणात आहे. लेन्समधील काचांची मांडणी अतिशय सूक्ष्म मापांत जुळवावी लागते आणि एकाच मॉडेलच्या दोन लेन्स पूर्णपणे सारख्या नसतात. कॅमेरे भाड्याने देणाऱ्या ‘लेन्सरेंटल्स’ या अमेरिकन कंपनीने एकाच लेन्सचे दहा-दहा नग तपासून हा फरक वर्षानुवर्षे आलेखांसह दाखवला आहे. मासिकाकडे मात्र एकच नग असतो. तो उत्तम निघाला तर लेन्स उत्तम ठरते, एका बाजूला किंचित मऊ (म्हणजे अस्पष्ट) निघाला तर ‘कडा कमकुवत’ असे छापले जाते, आणि तुमच्या हाती पडलेला नग या दोन्हींहून निराळा असू शकतो. म्हणूनच नवी लेन्स घेतल्यावर, दुकानदार बदलून देण्याची मुदत संपण्याआधी, एखाद्या विटांच्या भिंतीचे चित्र तिपाईवरून काढून चारही कोपरे पाहून घ्यावेत.

नामांकित परीक्षकांच्या नजरेतून मोठा दोष निसटल्याची खरी उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात अभ्यासण्यासारखी गोष्ट हीच आहे.

निकॉनचा डी६०० सप्टेंबर २०१२ मध्ये आला. २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर, त्या वर्गाच्या मानाने कमी किंमत, आणि मोजमापांत खरोखर उत्कृष्ट गुण. परीक्षणांत त्याचे भरभरून कौतुक झाले आणि सेन्सरविषयी जे लिहिले गेले ते चूक नव्हतेच. पण वापर वाढत गेला तसे चित्रांच्या एका कोपऱ्यात, विशेषतः आकाशासारख्या सपाट भागात, काळसर ठिपके दिसू लागले. सेन्सर पुसला तरी ते परत येत. ही गोष्ट ठळकपणे मांडणाऱ्यांत वर उल्लेखलेली भाडे-कंपनी आघाडीवर होती, कारण तिच्याकडे एकाच मॉडेलचे अनेक कॅमेरे होते आणि ते रोज राबत होते. निकॉनने फेब्रुवारी २०१३ मध्ये सूचना काढून सेन्सर साफ करण्याचा मार्ग सांगितला. ऑक्टोबर २०१३ मध्ये नवे शटर असलेला डी६१० बाजारात आणला. फेब्रुवारी २०१४ मध्ये, वॉरंटी संपलेल्या डी६०० चेही शटर विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. पहिल्या परीक्षणापासून या घोषणेपर्यंत जवळपास दीड वर्ष गेले, आणि त्या काळात ज्यांनी केवळ मासिकाची शिफारस वाचून पैसे घातले, त्यांना ठिपके पुसत बसावे लागले. इथे कोणी लाच घेतली नव्हती. दोन आठवडे हाती असलेल्या कॅमेऱ्यात तो दोष पुरेसा दिसला नाही, इतकेच.

लायकाच्या एम८ ची हकिकत याहून अस्वस्थ करणारी आहे. २००६ साली आलेल्या या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढील गाळणी अतिशय पातळ होती. त्यामुळे अवरक्त किरण आत येत, आणि कृत्रिम धाग्यांचे काळे कापड चित्रात जांभळट दिसे. लग्नसमारंभ टिपणाऱ्यासाठी, जिथे निम्मे पाहुणे काळ्या सुटात असतात, हा दोष क्षुल्लक म्हणता येणार नाही. सुरुवातीच्या परीक्षणांत तो आला नाही. नंतर एका मान्यवर परीक्षकाने जाहीरपणे सांगितले की, त्याने तो पाहिला होता, कंपनीला कळवलाही होता, पण कंपनीच्या विनंतीवरून लेखात घातला नव्हता. लायकाने पुढे ग्राहकांना लेन्सवर लावायचे दोन फिल्टर मोफत दिले. त्या परीक्षकाने चूक कबूल केली याचा मला आदर आहे. तरीही ज्याला वाचकासाठी डोळे उघडे ठेवायचे होते, त्याने कंपनीसाठी तोंड बंद ठेवले, ही वस्तुस्थिती राहतेच.

तिसरे उदाहरण आपल्याकडच्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावे. कॅननचा ईओएस-१डी मार्क ३ हा २००७ सालचा, क्रीडा-छायाचित्रकारांसाठी बनवलेला महागडा कॅमेरा. कडक उन्हात, उष्ण हवेत, सलग चित्रे घेताना त्याचा ऑटोफोकस डळमळतो हे व्यावसायिक छायाचित्रकारांच्या प्रत्यक्ष वापरातून पुढे आले, आणि त्याच वर्षी कॅननने ऑटोफोकसकडे प्रकाश वळवणाऱ्या आतल्या उप-आरशाची दुरुस्ती मोफत करून देण्याचे मान्य केले. थंड देशातील परीक्षकाला, ढगाळ दुपारी, हा दोष दिसणे कठीणच होते. एप्रिलमध्ये सोलापूरच्या मैदानावर क्रिकेटचा सामना टिपणाऱ्याला तो पहिल्या तासाभरात दिसला असता.

प्रयोगशाळेतील आकड्यांवर तरी विसंबावे का?

विसंबावे, पण आकडा कशाचा आहे ते समजून घेऊन. बॅटरीचे उदाहरण घेऊ. ‘एका चार्जमध्ये इतकी चित्रे’ हा आकडा सीआयपीएच्या ठरलेल्या पद्धतीने काढलेला असतो: दर ३० सेकंदांनी एक चित्र, अंगभूत फ्लॅश असल्यास एकाआड एक चित्राला फ्लॅश, आणि दर १० चित्रांनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू. असा कॅमेरा कोणीच वापरत नाही. लग्नात सलग चित्रे काढणाऱ्याला त्याच बॅटरीतून कितीतरी जास्त चित्रे मिळतात, तर पक्ष्याची वाट पाहत स्क्रीन चालू ठेवून तासभर बसणाऱ्याला बरीच कमी मिळतात. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी आहे, आपला दिवस कसा जाईल ते ठरवायला नाही.

सेन्सरच्या गुणांचेही तसेच आहे. डीएक्सओमार्क या चाचणी-संस्थेने २००८ पासून सेन्सरला एकच एकत्रित गुण देण्याची प्रथा रुजवली. निकॉन डी८५० ला २०१७ साली १०० गुण मिळाले तेव्हा ती मोठी बातमी झाली. तो गुण रंगांची खोली, डायनॅमिक रेंज (गडद आणि उजळ भागांतील तपशील एकाच चित्रात टिकवण्याची क्षमता) आणि कमी प्रकाशातील कामगिरी या तीन मोजमापांतून बनतो. लेन्स, ऑटोफोकस, हातातली पकड, मेनू यांचा त्यात कणभरही वाटा नाही. शिवाय ही संस्था कॅमेरा आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांना चाचणीची साधने आणि सल्लाही विकते. त्यामुळे मोजमाप खोटे ठरत नाही, पण वाचकाला ते ठाऊक असायला हवे. तीन सुटे आकडे जरूर पाहावेत. एकत्रित गुणावरून भांडणे मात्र व्यर्थ आहे, कारण ८८ आणि ९१ यांतील फरक छापील चित्रात ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पदके आणि ‘वर्षातील सर्वोत्तम कॅमेरा’ यांचे काय?

जाहिरातीत झळकणारी टिपा आणि आयसा ही चिन्हे खऱ्या संस्थांची आहेत. दोन्ही विशेष नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटना असून आयसाचा आरंभ १९८२ चा आणि टिपाची स्थापना १९९१ ची आहे. निवड संपादकांच्या मतांनी होते. पण टिपाचे पुरस्कार दरवर्षी ४० च्या आसपास वर्गांत दिले जातात, आणि इतके वर्ग केल्यावर जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीच्या पदरात काही ना काही पडते. पुरस्कार मिळालेला कॅमेरा वाईट नसतो, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

‘नवशिक्यांसाठी दहा उत्तम कॅमेरे’ अशा याद्या उपयोगी असतात का?

बाजारात काय उपलब्ध आहे याची ओळख करून घेण्यापुरत्या. मासिकांच्या संकेतस्थळांवरील अशा याद्यांत प्रत्येक कॅमेऱ्याखाली विक्रेत्याचा दुवा असतो, आणि त्या दुव्यावरून खरेदी झाली की मासिकाला कमिशन मिळते. त्यामुळे आहे तो जुना कॅमेरा वापरत राहा, किंवा सेकंड-हँड बॉडी घेऊन उरलेले पैसे चांगल्या लेन्सवर घाला, हा बहुतेक नवशिक्यांना द्यावा असा सल्ला या याद्यांत सहसा सापडत नाही. त्या सल्ल्यावर कमिशन नाही.

परदेशी मासिकाची शिफारस महाराष्ट्रात जशीच्या तशी लागू पडते का?

नाही, आणि याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. ‘या किमतीत याहून चांगला कॅमेरा नाही’ हे वाक्य त्या देशातील किमतीवर उभे असते. अमेरिकेत छापलेल्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, ब्रिटनमधील किमतीत व्हॅट धरलेला असतो, आणि आपल्याकडे आयात शुल्काखेरीज जीएसटीही लागतो, जो डिजिटल कॅमेऱ्यांवर जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. या उलाढालीत तिकडे स्वस्त ठरलेला कॅमेरा इकडे प्रतिस्पर्ध्याहून महाग होऊ शकतो. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार परिसरात फिरताना तोच कॅमेरा बराच स्वस्त सांगितला गेला, तर तो ग्रे मार्केटचा (अधिकृत वितरकाला वगळून आयात झालेला) आहे का आणि भारतातील वॉरंटीचे कार्ड व पक्के बिल मिळणार का, हे आधी विचारावे. आपल्या शहरापासून अधिकृत सर्व्हिस सेंटर किती दूर आहे, हाही प्रश्न कोणतेही परदेशी मासिक तुमच्यासाठी सोडवणार नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपला पावसाळा. परदेशी परीक्षणांत पावसापासूनच्या संरक्षणाचा उल्लेख असतो, पण लेन्सवर चढणाऱ्या बुरशीचा उल्लेख मी क्वचितच वाचला आहे. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता सतत चढी असते, आणि बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरू लागतात. माझी एक लेन्स, जिची शिफारस मी तीन मासिकांत वाचली होती, रत्नागिरीच्या एका पावसाळ्यात तिच्या देखण्या चामडी पाउचमध्येच गेली. चामडे ओल धरून ठेवते हे मला कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून नवा कॅमेरा घेणाऱ्याला मी सांगतो की, एकूण रकमेतून काही हजार रुपये आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणाऱ्या ड्राय कॅबिनेटसाठी बाजूला काढावेत, आणि ते जमत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक एवढे तरी घ्यावे.

मग मासिकांपेक्षा संकेतस्थळे आणि यूट्यूबवरील परीक्षक अधिक स्वतंत्र असतात का?

माध्यम बदलल्याने प्रश्न बदलत नाही. १९९८ साली सुरू झालेले ‘डीपीरिव्ह्यू’ हे अतिशय काटेकोर परीक्षणांसाठी नावाजलेले संकेतस्थळ २००७ साली अॅमेझॉनने विकत घेतले, म्हणजे परीक्षण करणारा आणि कॅमेरा विकणारा एकाच घरात राहू लागले. त्यांच्या परीक्षणांचा दर्जा त्यानंतरही टिकून होता, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण मार्च २०२३ मध्ये अॅमेझॉनने ते बंद करण्याची घोषणा केली, आणि पंचवीस वर्षांचा ठेवा एका निर्णयाने नाहीसा होण्याची वेळ आली. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या प्रकाशकाने ते घेतले म्हणून ते वाचले.

व्हिडिओ करणाऱ्यांविषयी भारतात आता नियम आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जून २०२२ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याने उत्पादकाशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक आहे. त्याआधी २०२१ साली अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियानेही अशीच तत्त्वे घालून दिली होती. कॅमेरा उसना मिळाला, भेट मिळाला की स्वतः घेतला, हे जो परीक्षक पहिल्या मिनिटात सांगतो, त्याला मी जास्त वेळ देतो.

परीक्षण वाचताना नेमके काय पाहावे?

सर्वांत आधी तारीख आणि फर्मवेअरची आवृत्ती. त्यानंतर उणिवांची यादी, आणि ती वाचताना एकच प्रश्न: या उणिवा विशिष्ट आहेत की गुळगुळीत? ‘किंमत थोडी जास्त’ ही उणीव कुठल्याही कॅमेऱ्याला चिकटवता येते. ‘बॅटरीचे झाकण तिपाईवर असताना उघडत नाही’ हे ज्याने वापरले त्यालाच सुचते. चित्रांखालील तपशीलही बोलके असतात. सगळी चित्रे कमी आयएसओची (म्हणजे प्रकाश-संवेदनशीलता कमी ठेवून काढलेली), दिवसाच्या प्रकाशातली आणि एकाच ठिकाणची असतील, तर परीक्षण घाईचे आहे. ज्या कॅमेऱ्याशी तुलना करायला हवी होती त्याचे नाव लेखात आहे का, तेही पाहावे. आणि त्याच मासिकाने त्याच कॅमेऱ्याविषयी वर्षभराने काही लिहिले असेल, तर पहिला लेख बाजूला ठेवून तो दुसरा वाचावा.

जुने अंक ठेवावेत की रद्दीत द्यावेत?

ठेवावेत. सेकंड-हँड कॅमेरा घेणाऱ्याला जुन्या परीक्षणासारखी वस्तू नाही, कारण त्यातील मोजमापे शिळी होत नाहीत आणि निवाड्यामागचा उत्साह मात्र केव्हाच ओसरलेला असतो. शिवाय त्या कॅमेऱ्याचे पुढे काय झाले हे आता सगळ्या जगाला ठाऊक असते. आज कोणी डी६०० विकायला आणला, तर २०१२ सालचे परीक्षण वाचून सेन्सरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. फक्त एफ/१६ वर (म्हणजे लेन्सचे छिद्र लहान ठेवून) मोकळ्या आकाशाचे एक चित्र तिथल्या तिथे काढून बघावे, आणि शटर बदलून घेतल्याचा सर्व्हिस सेंटरचा कागद आहे का, असे विकणाऱ्याला विचारावे.